नाकमास्तर आणि राजाचा झगा

घरात काही फुटलं, हरवलं, बिघडलं, की तुमच्या मनात पहिलं नाव कुणाचं येतं? खरं सांगा. धुणंभांडी करणाऱ्या बाईचं येतं, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं येतं, धाकट्या जावेचं येतं. स्वतःचं नाव पहिल्या फटक्यात कधी आलंय?

नाकमास्तरांना ते कधीच आलं नाही. आणि त्यात त्यांची एकट्याची चूक होती असंही नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचं नाव घेतलं आणि ते बरोबर निघालं. इतक्या वेळा बरोबर निघालं, की आपण चुकू शकतो ही शक्यताच त्यांनी मनातून झाडून काढली होती.

मास्तर दुधाच्या डेअरीत धक्क्यावर कामाला होते. पहाटेपासून ट्रक लागायचे, ट्रकमधून दुधाचे कॅन उतरायचे, आणि लोखंडी रुळांवरून घरंगळत मास्तरांसमोर येऊन थांबायचे. मास्तर झाकण उचलायचे, उलटं करून नाकाशी न्यायचे आणि एका श्वासात निकाल द्यायचे. चांगलं असेल तर कॅन पुढे, मोठ्या टाकीकडे. वाईट असेल तर झाकणावर टिचकी, आणि कॅन बाजूला. दूध हुंगायचं नाही, झाकण हुंगायचं, हे ते नव्या माणसाला पहिल्यांदा शिकवायचे. बंद कॅनमधला सगळा वास वर जाऊन झाकणाला चिकटून बसलेला असतो. आंबलेलं दूध, धूर लागलेलं दूध, रॉकेलच्या हाताने काढलेलं, कांद्याच्या पोत्याशेजारी प्रवास केलेलं, सगळ्याचा पत्ता त्यांना झाकणावर सापडायचा. कुठला ड्रायव्हर वाटेत गाडी उन्हात लावून झोपला, हे ते झाकण बघून सांगायचे आणि ड्रायव्हर मान खाली घालायचा.

त्यांचा एक नियम होता, आणि तो ते वेदवाक्यासारखा सांगायचे. चांगल्या दुधाला वास नसतो. चांगलं दूध गप्प बसतं, वाईट तेवढं बोलतं. झाकण गप्प असलं की दूध पास.

हा नियम लक्षात ठेवा. पुढचं सगळं रामायण यातूनच झालं.

नाक हे मास्तरांचं हत्यार होतं आणि दागिनाही. घरात वासाचा साबण यायचा नाही, बायकोने केसांना वासाचं तेल लावायचं नाही, शेजाऱ्याने उदबत्ती लावली तरी मास्तर खिडकी आपटून लावायचे. थंडीत बाहेर पडताना ते नाकावर मफलर असा गुंडाळायचे, की जणू आत तान्हं मूल आहे. डेअरीतल्या लोकांनी त्यांना नाकमास्तर नाव ठेवलं ते थट्टेने, पण त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. रिकामे कॅन वाफेवर धुणारी बाई, जिला सगळे वाफेवाली म्हणायचे, ती तेवढी त्यांना तोंडावर बोलायची. सकाळी सकाळी ओरडून विचारायची, "काय मास्तर, आज नाकाला पॉलिश मारलं का?" मास्तर हसायचे. कारण टोमण्यातसुद्धा मान होता.

पूर्वी प्रत्येक ट्रकमधल्या दुधाचा थोडा नमुना लॅबमध्ये जायचा. साहेब नवे आले आणि त्यांनी ते बंद केलं. लॅबमधली माणसं कमी केली. का, तर म्हणे, "आपल्याकडे मास्तर आहेत." तेव्हापासून लॅबने तपासायचं ते दोनच ठिकाणचं दूध: मास्तरांनी बाजूला काढलेले कॅन, आणि शेवटी मोठ्या टाकीतला एक नमुना. साहेबांचं ते वाक्य मास्तरांनी छातीवर बिल्ल्यासारखं लावून घेतलं. त्या वाक्याने कुणाची नोकरी गेली आणि उद्या दूध बिघडलं तर जबाबदारी कुणाच्या गळ्यात पडणार, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. स्तुती करणाऱ्या साहेबाच्या हातात नेहमी काय असतं ते बघून घ्यावं. मास्तरांनी बघितलं नाही.

मग मास्तरांना सर्दी झाली. साधी सर्दी, ताप, अंगदुखी. बरे झाले, कामावर आले, झाकण उचललं. गप्प. दुसरं उचललं. तेही गप्प. त्या दिवशी एकही कॅन बाजूला निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मास्तर खूश. इतकी वर्षं घसा कोरडा केला, दूधवाल्यांना झापलं, ड्रायव्हरांना परत पाठवलं, त्याचं फळ आलं, असं ते ज्याला त्याला सांगू लागले.

घरी मात्र त्यांचं कशातच मन लागेना. भाजी मचूळ लागायची. चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. त्यांनी आधी चहा विकणाऱ्याला भेसळखोर ठरवलं आणि दुकान बदललं. मग दुसऱ्या दुकानालाही ठरवलं. शेवटी बायकोला म्हणाले, "तुझ्या हाताची चव गेली." ती शिवणकाम करून घराला हातभार लावणारी बाई, तोंडाने फटकळ. ती म्हणाली, माझे हात तेच आहेत, तुमची जीभ दुसऱ्या कुणाकडे जेवून येते का ते बघा. मास्तरांना वाटलं, ही मुद्दाम मीठमसाला कमी घालते. रक्तदाबाचं कुणीतरी हिच्या डोक्यात भरवलंय.

तुमच्या लक्षात आलं असेल. मास्तरांच्या आलं नव्हतं.

लॅबमध्ये एक मुलगी नवी लागली होती. हळू बोलायची, पण बघायची टक लावून. ती एकदा धक्क्यावर आली आणि म्हणाली, "मास्तर, हल्ली तुम्ही माझ्याकडे कॅनच पाठवत नाही."

"वाईट आलं तर पाठवीन ना. सुधारलेत सगळे."

"सगळे? एकदम?"

मास्तरांना ते झोंबलं. कालची पोरगी, आणि आपल्याला प्रश्न विचारते. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्यांच्या डोक्यात चक्र फिरलं. परवा साहेबांकडे टाय लावलेला एक माणूस यंत्राची चित्रं घेऊन आला होता. दूध तपासायचं यंत्र. ही पोरगी त्याच्याशी हसून बोलत होती. म्हणजे असं आहे तर. मास्तरांना हटवायचं, यंत्र बसवायचं आणि हिने त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचं. संध्याकाळपर्यंत त्यांनी ही बातमी धक्क्यावर पसरवली, आणि लोकांनी ती मुलगी दिसली की बोलणं थांबवायला सुरुवात केली. एकटीने डबा खाताना तिला बघितलं की मास्तरांना बरं वाटायचं.

आणि मग तक्रारी आल्या.

आधी एक दुकानदार पिशव्या परत घेऊन आला. गिऱ्हाइकांनी दूध तापवायला ठेवलं आणि ते फाटलं. मग दुसरा आला. मग एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून फोन आला. लॅबच्या नमुन्यात तर काही दिसत नव्हतं. थोडं आंबलेलं दूध मोठ्या टाकीत मिसळलं की नमुन्यात लपून जातं, पण विस्तवावर चढलं की उघडं पडतं. साहेब स्वतः धक्क्यावर आले. असे ते फक्त फोटो काढायला यायचे, त्यामुळे सगळे घाबरले. साहेब म्हणाले, मास्तर, तुमच्यावर माझा विश्वास आहे, तुम्हीच शोधून काढा कोण घात करतंय.

मास्तर उपड्या कॅनवर चढले. सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्याच्यामुळे हे झालंय, त्याचं मनगट धरून मी स्वतः त्याला फाटकाबाहेर काढीन. तो माझ्या नात्यातला असला तरी. आणि परत कुठल्याही डेअरीत त्याला झाकणाला हात लावू देणार नाही. हा माझा शब्द."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाफेवालीनेही वाजवल्या. लॅबवाली पोरगी तेवढी हात खिशात घालून उभी होती, आणि मास्तरांनी ते मनात टिपून ठेवलं.

त्या दिवसांत मास्तरांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शाळेच्या एका बाईंनी मुलांकडून ग्रीक पुराणातल्या गोष्टींचं नाटक बसवायला घेतलं होतं आणि कपडे शिवायचं काम बायकोकडे आलं होतं. खुंटीवर पिसांचे दोन पंख लटकत होते. पलंगावर काळ्या कापडाचे, आत चिंध्या भरलेले कोळ्याचे आठ पाय पसरले होते. बायको तालमीला मापं घ्यायला जायची आणि गोष्टी ऐकून यायची. सगळ्या माजलेल्या माणसांच्या गोष्टी आहेत म्हणाली. ग्रीक लोकांकडे त्या माजाला एक खास शब्द आहे, ह्युब्रिस का काहीतरी. माणसाच्या अंगात तो शिरला की मागोमाग एक देवी निघते, हिशेब चुकता करायला.

पंख कुणाचे, मास्तरांनी विचारलं. तर एका कारागिराने मेणाने पिसं चिकटवून पोराला पंख करून दिले, फार वर जाऊ नको म्हणाला, पोरगं गेलं, मेण वितळलं, समुद्रात पडलं. मास्तर म्हणाले, पोरात दम नव्हता आणि बापाच्या मेणातही. मग कोळ्याचे पाय? ती एक विणकरीण होती. देवीपेक्षा मी चांगलं विणते म्हणाली. पैज लागली. देवीने तिचं कापड फाडलं आणि तिला कोळी करून टाकलं.

"म्हणजे काम वाईट होतं तिचं?"

"छे. देवीलासुद्धा खोट सापडली नाही म्हणे. म्हणून तर पेटली."

"मग चूक देवीची," मास्तर म्हणाले. "चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही?"

इथे मास्तरांचं काही चुकलं नव्हतं. हाताने पोट भरणाऱ्या माणसाकडे आपल्या कामाचा ताठा सोडून दुसरी इस्टेट असते कुठे? तो ताठा ज्यांच्या डोळ्यांत खुपतो ते देव असोत की साहेब, त्यांच्याकडे संशयानेच बघायला हवं. पण विणकरणीने स्वतःचं कापड डोळे उघडे ठेवून पारखलेलं होतं. मास्तर तिसऱ्या गोष्टीत अडकलेले होते, आणि ती बायकोच्या मांडीवर पडली होती. जांभळ्या कापडाचा लांब झगा. राजाचा.

ती टाके घालता घालता सांगू लागली. एक राजा होता, फार हुशार. कुणालाच न सुटलेलं कोडं सोडवून गादीवर बसलेला. नगरात रोगराई आली. ज्याच्या पापाने आली त्याला मी हुडकून हद्दपार करीन, अशी त्याने सगळ्यांसमोर शपथ घेतली. एक आंधळा म्हातारा आला आणि म्हणाला, महाराज, नका शोधू. तर राजा त्याच्यावरच उखडला. तुला माझ्या मेव्हण्याने फूस लावली म्हणाला, तुम्हाला माझी गादी हवी. मग शोधता शोधता निघाला कोण? तोच.

"तोच म्हणजे?"

"राजाच. पूर्वी वाटेत कुणाशी भांडण झालं, मारलं त्याला. तो निघाला आधीचा राजा, आणि याचा बाप. अजूनही एक भानगड आहे, पण ती बाईंनी गाळलीय. पोरांचे आईबाप बघायला येणार."

मास्तर हसले. म्हणाले, असला कसला हुशार, स्वतः मारलेला माणूस विसरतो. आणि समजा कळलं, तर तोंड मिटून बसायचं ना. कोण विचारणार होतं राजाला? बायको म्हणाली, शेवट अजून बसवायचाय बाईंना, पण झग्याचे हुक सैल ठेवायला सांगितलेत, शेवटी तो अंगावरून उतरवायचा असतो म्हणे. मग तिने हुकांची डबी त्यांच्याकडे सरकवली. नुसते बसलाय तर एवढे लावा. मास्तरांना शिवण चांगली यायची. ते राजाच्या झग्याला हुक लावत बसले आणि डोक्यात मात्र धक्क्यावरची तोंडं एकेक करून फिरवत राहिले.

ड्रायव्हर? त्यांना गेल्याच वर्षी सरळ केलं होतं. लॅबवाली? तिचा दुधाला हात लागत नाही. मग दुधाला, नाहीतर निदान कॅनला, हात कुणाचा लागतो?

दुसऱ्या दिवशीपासून ते धुण्याच्या बाजूला फेऱ्या मारू लागले. तिथे सोड्याच्या गरम पाण्याचा फवारा, मग वाफ, मग उपडे कॅन. वाफेवालीच्या दोन्ही हातांवर जुन्या भाजल्याचे डाग. वाफेत ती अर्धी दिसायची, अर्धी नाही, आणि मास्तरांना वाटायचं, न दिसणारा अर्धा भाग काहीतरी करतोय. ती गाणं गुणगुणली तर यांना वाटायचं, मनात काही आहे म्हणून गुणगुणते. गप्प बसली तर आणखीच. पूर्वी पाणी प्यायला थांबायची नाही, आता थांबते. पूर्वी आपल्याला टोमणा मारायची, आता मारत नाही. आता, माणूस रोज येऊन पाठीमागे उभा राहिला तर कुणाला थट्टा सुचेल, हे त्यांना कोण सांगणार?

एका कॅनच्या मानेखाली, जिथे पत्र्याची शिवण असते, तिथे त्यांच्या बोटाला पिवळट थर लागला. ब्रश तिथे पोचतच नाही. तो थर डेअरीतल्या प्रत्येक कॅनमध्ये असतो, त्यांच्या उमेदवारीच्या दिवसांपासून होता. पण त्या दिवशी तो पुरावा झाला. त्यांनी साहेबांना बोलावलं. चार माणसं जमली.

वाफेवाली संतापाने लाल झाली. म्हणाली, "बोट काय दाखवता, नाकमास्तर ना तुम्ही? हुंगून बघा की. सगळ्यांसमोर बघा."

मास्तरांनी कॅन उचलला. तोंड आत घातलं. दीर्घ श्वास घेतला.

काही नाही. कॅन गप्प.

त्यांच्याच नियमाने ती सुटायला हवी होती. गप्प म्हणजे चांगलं. पण साहेब बघत होते, माणसं बघत होती, आणि शब्द तर सगळ्यांसमोर दिलेला होता. मास्तरांनी तोंड बाहेर काढलं आणि म्हणाले, "आंबूस येतोय."

नाकावर जगलेल्या त्या माणसाने नाकाची ही पहिली खोटी साक्ष दिली.

वाफेवालीने कॅन त्यांच्या हातातून ओढून घेतला, हुंगला आणि त्यांच्याकडे बघतच राहिली. तिचा राग कुठच्या कुठे गेला होता. ती हळू आवाजात म्हणाली, "मास्तर, सोड्याच्या वासाने माझं नाक जळतंय. आत्ताच धुतलाय हा. तुम्हाला आंबूस कुठून आला?"

मास्तरांनी परत कॅनकडे बघितलं. सोडा? सोड्याचा वास तर आला नव्हता. क्षणभरच. मग त्यांनी तो विचार झटकला. मुरलेली आहे, म्हणाले मनात, शब्दांत पकडायला बघते. साहेबांनी तिला घरी बसायला सांगितलं. चौकशी होईल म्हणाले. चौकशी म्हणजे काय असते ते कामगाराला विचारा. निकाल आधी टाईप होतो, मग खुर्च्या मांडतात. तिची नोकरी त्या पिवळ्या थरावर गेल्यात जमा होती.

चौकशीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मास्तर घरी एकटे होते. बायको झगा दाखवायला शाळेत गेली होती. जाताना म्हणाली होती, दूध ठेवलंय, लक्ष असू द्या. मास्तर शेगडीकडे पाठ करून उद्या साहेबांसमोर काय बोलायचं ते जुळवत बसले. खिडकी उघडी, हातात कोळ्याचा एक पाय, त्याच्याशी चाळा.

दार धाडकन उघडलं. बायको तोंडावर पदर धरून आत धावली, शेगडी बंद केली आणि पातेलं मोरीत ओतलं.

"अहो, जिन्यात वास येतोय. खालच्या आजी विचारतायत आग लागली का. आणि तुम्ही इथे बसलाय?"

मास्तर वळले. पातेल्याचा तळ काळा ठिक्कर. ओट्यावरून दुधाचे ओघळ जळून चिकटलेले. धूर छताला लागलेला. डोळ्यांना धूर दिसत होता. नाकाला तो नव्हताच.

आधी त्यांना वाटलं, ही काहीतरी बनाव करते. संशय इतका अंगवळणी पडला होता. मग ते उठले. लसणीची पाकळी नखाने फोडून नाकाशी धरली. काही नाही. मशीनच्या तेलाची कुपी उघडली. काही नाही. मोरीतली फिनेलची बाटली, जुना जोडा, बायकोची कपाटाच्या तळाशी लपवलेली वासाच्या तेलाची बाटली, जी त्यांना कधी सापडायला नको होती. एकेक उघडत गेले, एकेक खाली ठेवत गेले. शेवटी जमिनीवरच बसले, भोवती सगळ्या बाटल्या.

सगळं जग गप्प होतं. आणि गप्प म्हणजे चांगलं, हा नियम त्यांनी स्वतः केला होता.

किती कॅन आपण पुढे ढकलले? सर्दीपासूनचे सगळे. दवाखान्यातलं दूध. सोड्याने जळणारं वाफेवालीचं नाक. एकदम सगळे सुधारले का, असं विचारणारी ती पोरगी. कोळ्याच्या पायासारखा एकेक दुवा त्यांच्या अंगावर चढत गेला.

बायको समोर बसली. तिला कळायला वेळ लागला नाही. भाजीत एकदा हिंग दुप्पट पडला तेव्हा तिने शिवी झेलायची तयारी ठेवली होती आणि हे मुकाट जेवले होते, ते तिला आठवलं.

मास्तरांच्या मनात काय चाललं होतं ते सरळ सांगायला हवं. ते म्हणत होते, कुणाला कळणार आहे? वाफेवाली गेलीच आहे. आपण उद्यापासून कधी कधी अंदाजाने एखादा कॅन बाजूला काढायचा. निवृत्ती फार लांब नाही. नाव राहील. तोंड मिटून बसायचं. राजाला त्यांनी हाच तर सल्ला दिला होता.

"शेवट बसवला का बाईंनी?" त्यांनी विचारलं.

"आज बसवला. राजा स्वतःचे डोळे फोडून घेतो. झगा उतरवतो, आणि ज्या फाटकातून दुसऱ्याला घालवणार होता त्यातूनच निघून जातो."

"डोळे वगैरे फोडायची गरज नाही," मास्तर म्हणाले. "माझं तेवढं काम आधीच झालंय."

बायकोने उपदेश केला नाही. तिने करपलेलं पातेलं घासायला घेतलं आणि पाठमोरीच म्हणाली, "उद्या डबा दुपारपर्यंतचा देऊ की लवकर याल, तेवढं सांगा."

साहेबांच्या खोलीत खुर्च्या मांडलेल्या होत्या. वाफेवाली उभी होती, कुणी तिला बस म्हटलं नव्हतं. लॅबवालीला साक्षीला बोलावलं होतं. मास्तर आत आले आणि खुर्चीला हात न लावता म्हणाले, माझं नाक गेलंय. सर्दीपासून. वाईट दूध मी पास केलंय. त्या दिवशी कॅनला वास नव्हता, मी खोटं बोललो.

आता बघा गंमत. साहेबांना आनंद व्हायला हवा होता, गुन्हेगार सापडला. त्यांचं तोंड पडलं. ते म्हणाले, मास्तर, ताण आलाय तुम्हाला, जा, दोन दिवस आराम करा. मास्तर परत म्हणाले. साहेब परत म्हणाले, बसा, पाणी घ्या. लॅबवाली साहेबांकडे बघत होती, आणि तिच्या नजरेच्या रोखाने बघता बघता मास्तरांना पहिल्यांदा योग्य माणसाचा संशय आला. वाफेवाली दोषी ठरली तर एक बाई बदलून भागत होतं. मास्तर दोषी ठरले तर पुढचा प्रश्न येणार होता, की एका म्हाताऱ्या माणसाच्या नाकावर सगळी डेअरी टांगली कुणी? लॅबचे नमुने बंद केले कुणी? साहेबांना आधीपासून ठाऊक होतं का? ते आजवर सिद्ध झालेलं नाही. पण ज्याला सत्य ऐकून इतकं पाणी पाजावंसं वाटतं, त्याच्याकडे डोळा ठेवायला हवा.

मास्तर म्हणाले, "इथे नाही. धक्क्यावर चला."

धक्क्यावर त्यांनी लॅबवालीला हात जोडून एक काम सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा जोडले असतील. तिने एक झाकण ताज्या दुधाच्या कॅनचं आणलं, आणि एक नासलेल्या दुधाच्या कॅनचं. ते जवळ आणताच भोवतीच्या माणसांनी तोंड फिरवलं. मास्तरांनी दोन्ही झाकणं, आधी एक, मग दुसरं, नाकाशी धरली. सवयीने डोळे मिटले. मग उघडले.

"दोन्ही पास," ते म्हणाले. "माझ्या हिशेबाने दोन्ही पास."

कुणीतरी हसलं, आणि हसू मध्येच तुटलं. साहेब घड्याळ बघत होते. मास्तरांनी गळ्यातून एप्रन काढला आणि घडी करून उपड्या कॅनवर ठेवला, ज्याच्यावर चढून त्यांनी शब्द दिला होता. मग त्यांनी उजव्या हाताने स्वतःचं डावं मनगट धरलं. चांगलं घट्ट, चोराचं धरावं तसं. आणि स्वतःला ओढत फाटकाकडे नेलं.

वाफेवालीच्या समोरून जाताना ते थांबले. तिच्याकडून काहीतरी यावं, शिवी तरी, असं त्यांना वाटलं असेल. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं हुंगून बघा." आणि वाफ सोडायला निघून गेली. कॅन साचले होते. तिने त्यांना माफ केलं का, हे कुणी तिला विचारू नये. तिच्या हातात माफीखेरीज बरीच कामं होती. त्याच आठवड्यात ती आणि लॅबवाली दोघी मिळून धक्क्यावरच्या सगळ्यांना घेऊन साहेबांच्या दारात बसल्या. दर ट्रकमागे लॅबचा नमुना परत सुरू झाला, आणि आता प्रत्येक झाकण दोघेजण हुंगतात. त्यातली एक वाफेवाली आहे. तीही नाक जरा वर करूनच चालते हल्ली. तिच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

मास्तर नाटकाला गेले होते. मागच्या रांगेत बसले. राजाने झगा उतरवायला हात घातला तेव्हा हुक एका झटक्यात सुटले, आणि बायकोने कोपराने त्यांना ढोसलं, चांगले लावलेत म्हणून. आता ते घरी तिच्या शिवणाला मदत करतात. दूध तापवण्याआधी पातेलं घेऊन खालच्या आजींकडे जातात, आजी हुंगतात, मान हलवतात, मग ते वर येतात. आजी खोटं तर बोलत नसतील, असं त्यांना अजूनही अधूनमधून वाटतं. सवय आहे, एकदम सुटायची नाही.

तेव्हा तुम्हाला एवढंच मागणं आहे. तुम्ही नुकतंच ज्याच्याकडे बोट दाखवलंत, त्या माणसाला आज बोलवा, तुमच्या हातातलं झाकण त्याच्या हातात द्या, आणि त्याला काय वास येतो ते ऐकून घ्या.